पाठांतर रक्तात असतं का?

आज आपण आहोत जुन्नर तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकला. इथे नदीकाठी पार सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची राख सापडते, जोडीला आदिमानवाची दगडी हत्यारं. ही राख ७५ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची, की त्याच्याही कितीतरी आधीच्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे थर डोळ्यांना दिसतो, पण अर्थ लावताना डोकं खाजवावं लागतं. मेंदूच्या स्कॅनचंही तसंच आहे बघा.

"आमच्या घराण्यातच पाठांतर नाही," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. कधीकधी तेवढ्यावर पोरांची शाळा सुटते. त्यात तथ्य किती?

एफएमआरआय मशीनमध्ये माणसाला काहीतरी आठवायला सांगतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिकडे रक्त जास्त जातं आणि मशीन तो फरक टिपतं. आठवणी साठवण्यात हिप्पोकॅम्पस हा भाग महत्त्वाचा. २००३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की बीडीएनएफ या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांमध्ये हिप्पोकॅम्पसचं काम थोडं वेगळं चालतं आणि घडलेल्या गोष्टी आठवायच्या चाचणीत ते जरा मागे पडतात. २००६ साली किब्रा नावाच्या जनुकाबद्दलही असंच काहीसं सापडलं.

म्हणजे रक्तात काहीच नसतं असं नाही. पण पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे फरक तितके ठळक दिसले नाहीत. स्मरणशक्तीवर एक नाही, असंख्य जनुकं परिणाम करतात, प्रत्येक चिमूटभर.

आता दुसरी बाजू. हरियाणात मानेसरला राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आहे. तिथे २१ वेदपाठी पंडितांचे मेंदू स्कॅन केले. वर्षानुवर्षं रोज तासन्‌तास पाठांतर केलेली ही माणसं. त्यांचा उजवा हिप्पोकॅम्पस इतरांपेक्षा भरीव निघाला. तुम्ही म्हणाल, मुळातच तसा असेल, म्हणून तर ते पंडित झाले! शंका रास्त आहे, कारण स्कॅन एकदाच झाला होता.

त्याचं उत्तर लंडनमधून मिळतं. तिथे टॅक्सीचालक व्हायचं तर हजारो रस्ते तोंडपाठ लागतात. संशोधकांनी उमेदवारांचे स्कॅन प्रशिक्षणाआधी आणि नंतर, असे दोनदा घेतले. सुरुवातीला फरक नव्हता. नंतर मात्र पास झालेल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढलेला दिसला. हा अभ्यास २०११ चा. एवढ्या काळात कुणाची जनुकं बदलत नाहीत, सराव मात्र झालेला असतो.

तेव्हा 'तुमच्या मुलाची बुद्धी डीएनएवरून सांगतो' असं कुणी म्हटलं, तर पैसे खिशातच ठेवा. त्यापेक्षा पुस्तक मिटा आणि वाचलेलं न बघता आठवून पाहा. दोन दिवसांनी पुन्हा. आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवून पोटभर झोप, कारण आठवणी पक्क्या व्हायला झोप लागते.

जनुकं आपल्याला जमीन देतात. मशागत आपली आपणच करायची! हा भाग घरातल्या परीक्षार्थीला नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात.