अफवा आणि हजेरीपट



मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयात. तेव्हा युद्धकाळातल्या बातमीवर विश्वास केव्हा ठेवावा, याचा विचार मी आपल्या मुंबईतल्याच एका घटनेवरून करणार आहे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासात दुसरा. त्या वेळी जपानी फौजा कोहिमापर्यंत आलेल्या. जपान्यांनी बाँब टाकले, अशी अफवा उठली आणि लोक पोराबाळांसह पळत सुटले. सरकारने बातमी दाबली. दुसऱ्या दिवशी ती जगाला सांगितली जपान्यांच्या ताब्यातील सायगॉन नभोवाणीने! वार्ताहरांना बातमी धाडण्याची मुभा मिळाली, ती मे महिन्यात. सरकार मुके झाले की अफवेला वाचा फुटते, ती अशी.

आज बातम्यांचा दुष्काळ नाही, महापूर आहे. तरी मे २०२५ मध्ये काही दूरचित्रवाहिन्यांनी कराची बंदरावर आपल्या नौदलाने हल्ला केल्याचे रातोरात सांगितले आणि ते खोटे निघाले.

मग आपण काय करावे? कारखान्यात अपघात झाला की फाटकावर कोणी म्हणतो दहा गेले, कोणी म्हणतो पन्नास. आम्ही संघटनेची माणसे आधी हजेरीपट मागतो. पाळीवर कोण होते, घरी कोण पोचले, इस्पितळात कोण आहे, हे नावानिशी लिहून काढतो. १९४४ साली गोदीतले कितीतरी मजूर मुकादमाने रोजंदारीवर लावलेले असत. त्या स्फोटातील मृतांचा आकडा कुठे ८०० मिळतो, कुठे १३००. अग्निशमन दलाचे ६६ जवान मात्र मोजलेले आहेत, कारण त्यांची नावे पटावर होती. गोदी कामगारांच्या नोंदणीची वाट मोकळी करणारा कायदा पुढे १९४८ साली झाला.

तेव्हा थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. हे कोणी पाहिले, कोणी मोजले, नावे कुठे आहेत, असे सरकारला विचारावे आणि बातमी देणाऱ्यालाही विचारावे. उत्तर येईपर्यंत ती बातमी आपल्या तोंडून शेजारच्या खोलीत जाऊ देऊ नये.