जहाजावरील विश्रांति

विश्रांति ही कांहीं न करतां मिळणारी वस्तु आहे, असा शहरांतील माणसाचा समज असतो. काम थांबलें कीं विश्रांति सुरू झाली, असा त्याचा सरळ हिशेब. तो किती चुकीचा आहे हें लांबच्या जलप्रवासांत जितकें स्पष्ट कळतें, तितकें दुसरीकडे क्वचितच कळत असेल. महाबळेश्वरास गेलेल्या माणसाला कंटाळा आला तर बाजारांत हिंडतां येतें. फारच झालें तर परतीची मोटार गांठतां येते. जहाजानें किनारा सोडल्यावर मात्र पुढचें बंदर येईपर्यंत कोठें जावयाचें नसतें, कांहीं करावयाचें नसतें, आणि हीच गोष्ट पहिले कांहीं दिवस माणसाला सोसवत नाहीं.

विमानांनीं हा मार्ग आपल्याकडे ओढून घेण्यापूर्वीं विलायतेस निघालेला मनुष्य मुंबईला बॅलार्ड पिअरवर बोटींत चढे. तेथून एडन सुमारें १,६५० सागरी मैल. म्हणजे चार-पांच दिवस चोहोंकडे पाणीच पाणी. पुढें तांबडा समुद्र, १८६९ सालीं खुला झालेला सुएझचा कालवा, भूमध्य समुद्र. मार्सेल्स गांठावयास सुमारें दोन आठवडे लागत. या बोटीवर चढणारा एखादा कामसू वकील डोळ्यांपुढें आणावा. कज्जे सहकाऱ्याच्या हवालीं करून तो निघाला आहे. कांहीं दिवस डोक्याला ताप नको, असें डॉक्टरांनीं बजावलें आहे. पहिल्या सकाळीं तो डेकवर फेऱ्या घालतो, आणि त्या मोजतो. दहा वाजले असतील अशा समजुतीनें घड्याळ काढतो, तों साडेआठच झालेले असतात. मग ट्रंकेंतून कायद्याचा ग्रंथ निघतो. वाचन होत नाहीं. पण ग्रंथ मांडीवर असला म्हणजे आपण रिकामे नाहीं, एवढें समाधान लाभतें.

दुसऱ्या दिवशीं पुष्कळांना बोट लागते. याचें कारण कानाच्या अंतर्भागांत आहे. तेथील तोल सांभाळणारें इंद्रिय शरीर हलत असल्याचें सांगतें, आणि केबिनच्या भिंती पाहणारे डोळे तें हलत नसल्याची ग्वाही देतात. या परस्परविरोधी साक्षींनीं मेंदू गोंधळतो. उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहत बसल्यानें बहुधा बरें वाटतें, कारण मग दोन्ही साक्षी जुळतात. दोन-तीन दिवसांत शरीर सरावतें. मनाला त्याहून अधिक वेळ लागतो.

खरी अडचण उभी राहते ती यापुढें. कामाच्या गर्दींत ज्या गोष्टींना वर्षानुवर्षें तारखा देऊन पुढें ढकललें, त्या आतां एकेक करून समोर येतात. भावाशीं तुटलेलें बोलणें, मुलाच्या पत्राला न दिलेलें उत्तर, वडिलांच्या आजारांत न काढलेली सवड. पुष्कळ प्रवासी येथून पळ काढतात, आणि पळण्याची सोय जहाजावर मुबलक असते: पत्ते, डेकवरील दोरीच्या कड्यांचा खेळ, कालच्या दुपारपासून आजच्या दुपारपर्यंत बोट किती मैल चालली यावरची पैज, रात्रीं नाच. या गोष्टी वाईट नव्हेत. पण सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांनाच चिकटून राहणारा मनुष्य आपली कचेरी बरोबर घेऊनच आलेला असतो. जो आरामखुर्चींत टिकून राहतो, आलेल्या आठवणीला हांकलीत नाहीं व तिच्याशीं वादहि घालीत नाहीं, त्याला एखाद्या दुपारीं नकळत झोंप लागते, आणि ती झोंप घरच्या झोंपेहून निराळी असते. मुलाला पत्र लिहिलें जातें तें बहुधा त्यानंतरच.

केबिनचें दार लावून बसणें हीहि विश्रांति नव्हे. १८८८ सालीं विलायतेस निघालेले तरुण गांधीजी इंग्रजी बोलण्याच्या संकोचानें भोजनगृहांत जात नसत. बरोबर आणलेल्या मिठाईवर व फळांवर त्यांनीं केबिनमध्येंच दिवस काढले. पुढें १९०९ च्या नोव्हेंबरांत इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस परततांना ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर त्यांनीं ‘हिंद स्वराज्य’ लिहून काढलें. उजवा हात थकला तेव्हां डाव्या हातानें लिहिलें. कार्य थोर खरें, परंतु दोन्ही प्रवासांत विश्रांतीच्या वाट्याला फारसें कांहीं आलें नाहीं.

१९२१ सालीं चंद्रशेखर व्यंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीनें परत येत होते. भूमध्य समुद्राच्या गडद निळाईनें त्यांचें मन वेधलें होतें. समुद्राचा निळेपणा हें आकाशाचें प्रतिबिंब होय, असें लॉर्ड रॅले यांचें मत. रामन यांनीं निकोलच्या लोलकांतून पाहून पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश वगळला, तरीहि निळाई उरलीच. पाणी स्वतःच प्रकाश विखुरतें, हा निष्कर्ष त्यांनीं मुंबई बंदरांतून ‘नेचर’ या नियतकालिकाकडे धाडला. पाणी तांबडा प्रकाश शोषून घेतें, हेंहि त्या निळाईचें मोठें कारण असल्याचें आजचें शास्त्र सांगतें; पण त्या विचाराची वाट १९२८ च्या शोधाकडे व १९३० च्या नोबेल पारितोषिकाकडे गेली. विश्रांतीच्या कैवाऱ्यांना हें उदाहरण फार आवडण्यासारखें आहे, म्हणूनच तें जपून वापरावें. रिकाम्या वेळांतून कांहीं निष्पन्न झालेंच पाहिजे अशी अट घातली कीं तो वेळ रिकामा राहत नाहीं. इतर शेंकडों प्रवाशांनीं तीच निळाई पाहिली आणि ते नुसते पाहूनच तृप्त झाले. त्यांचें काय चुकलें?

विश्रांतीची विद्या प्रवाशांपेक्षां खलाशांना अधिक अवगत असे. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकवरचे पुष्कळ खलाशी, सारंग व टंडेल रत्नागिरीकडील कोंकणी मुसलमान असत. जेवणाखाण्याची व्यवस्था पाहणारे बरेचसे गोव्याचे. आणि खालीं भट्ट्यांपाशीं पंजाबाकडील आगवाले. तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत वर प्रवासी थंड सरबत मागवीत, तेव्हां कोळशाच्या बोटींवर हे आगवाले भट्टींत फावडीं रिकामीं करीत. एकाची आरामखुर्ची दुसऱ्याच्या घामावर मांडलेली होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. दर अर्ध्या तासाला घंटेचा एकेक ठोका वाढे; आठ ठोके झाले म्हणजे चार तासांची पाळी संपली. पाळी संपतांच खलाशी मिळेल त्या जागीं अंग टाकी व झोंपी जाई. वर वकीलसाहेब कूस बदलीत असत.

त्या बोटी गेल्या. आज जलप्रवास बहुतांशीं हौसेचा उरला आहे; मुंबईहूनहि गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी निघूं लागल्या आहेत. आतां फोन उपग्रहामार्फत भर समुद्रांतून कचेरी गांठतो, म्हणजे वकिलाचे ग्रंथ खिशांत मावूं लागले इतकेंच. जुन्या धर्तीची एक सफर मात्र शिल्लक आहे. २००४ सालीं सेवेंत आलेली ‘क्वीन मेरी २’ साउदॅम्प्टनहून निघून साधारणतः सात रात्रींत न्यूयॉर्कला पोंचते, आणि मध्यें बहुधा कोठलेंहि बंदर घेत नाहीं. दोन शहरांच्या वेळांत पांच तासांचें अंतर असल्यामुळें पश्चिमेकडे जातांना पांच रात्रीं घड्याळ एकेक तास मागें घ्यावें लागतें. अर्थात् पांच दिवस २५ तासांचे होतात. पहिल्या रात्रीं हा वाढीव तास हातीं आला कीं त्याचें करावें काय, असा प्रश्न प्रवाशाला पडतो. कोणी वाचनालयांत जातो, कोणी फोन उघडतो. पांचव्या रात्रीं एखाद्याला घड्याळ मागें घेण्याची आठवणच राहत नाहीं, आणि सकाळीं तो न्याहारीला तासभर आधीं येऊन रिकाम्या मेजाशीं समुद्राकडे पाहत बसलेला असतो.