वारल्यांचा चौक अन् आपलं गायरान
(बीडच्या मेळाव्यातलं भाषण)



समुद्राकडच्या वारल्यांची चित्रं शहरातले लोक आता दिवाणखान्यात लावतात. डहाणू-तलासरीकडं तो चौक लग्नात काढतात. बाया तांदळाच्या पिठानं काढतात, मधी पालघाट देवी. लग्न लावते ती धवलेरी, बाईमाणूसच. तिची गाणी वारली बोलीत. भटजीचं काम नाही!

पण लग्नाला पैसा लागायचा. जमीनदारानं तो दिला की नवरा-बायको दोघं त्याचे लग्नगडी. जन्मभर राबायचं, कर्ज फिटायचं नाही. जमीन तर त्यानं आधीच घशात घातलेली. १९४५ साली गोदावरी परुळेकर अन् किसान सभेसंगं वारली उठले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड अन् आणखी चौघं गेले. तरी वेठ मोडलीच.

आता आपलं बघा. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला कायदा गेला, शिक्का राहिला. पारधी बोलीला लोक चोराची भाषा म्हणतात, आपली पोरं बाजारात ती बोलायला लाजतात. अन् एकदा चोर म्हटलं की गायरानातून हुसकवायला सोपं जातं, पंचनामा करायला सुद्धा कुणी थांबत नाही.

१४ एप्रिल १९९० च्या आधीपासून ज्यांची वहिती आहे त्यांनी दंडाच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवा. तलाठ्याकडं पीकपाहणीची नोंद मागा. एकट्यानं जाऊ नका, बायांना पुढं घ्या. अन् तिथं आपसात बोलायचं ते आपल्या बोलीत, मोठ्यानं.