पानशेतचा मुक्काम, विसार आणि कार्डाची मुदत



आपल्या सभेत ज्ञातीचा इतिहास, शिक्षणनिधी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार अशा थोर विषयांवर भाषणे होतात, आणि ती व्हावयासच हवीत. त्यांच्या पंक्तीला आम्ही आज जो विषय मांडणार आहोत तो प्रथमदर्शनी अगदी किरकोळ वाटेल. मेळाव्यासाठी किंवा सहलीसाठी हॉटेलात आगाऊ जागा राखून ठेवावयाची आहे, आणि हाती असलेल्या बँकेच्या कार्डाची मुदत संपत आली आहे. अशा कार्डाने पैसे भरावेत की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. परंतु सार्वजनिक कार्यात माणसाची अब्रू मोठ्या प्रश्नांपेक्षा अशा लहान प्रश्नांतच अधिक वेळा पणास लागते, म्हणून आम्ही हा विषय मुद्दाम निवडला आहे.

उदाहरणासाठी पानशेतच घेऊ. शाखांच्या सहलीचा विचार निघाला की पुण्याजवळच्या या स्थळाचे नाव हटकून पुढे येते. 12 जुलै 1961 रोजी आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवसापासून कित्येक वर्षे पानशेत हा शब्द पुणेकरांच्या तोंडी भयाचा शब्द होऊन राहिला. पुढे धरण पुन्हा उभे राहिले. आज त्याच तानाजीसागराच्या काठी लोक विश्रांतीसाठी जातात. शेजारी मोसे नदीवरील वरसगावचा जलाशय आहे. खोऱ्यात मोठी विश्रामस्थाने आहेत, तशी चार खोल्या बांधून पाहुण्यांची सोय करणारी घरेही आहेत. पावसाळ्यातील शनिवार-रविवार हा अशा घरांचा सुगीचा काळ. एका शनिवारची खोली कोणी अडवून ठेवली आणि तो आलाच नाही, तर तो शनिवार परत येत नाही. म्हणून यजमान आगाऊ रक्कम मागतो. त्यात अविश्वास नसून व्यवहाराची रीत आहे.

ही रीत आपल्याला नवी नाही. घर घेताना, बैलजोडी ठरविताना, लग्नासाठी वाजंत्री सांगताना आपले वाडवडील विसार देत असत. विसार म्हणजे शब्दाला जोडलेला पैसा. शब्द फिरला तर पैसा जाई, आणि पैसा घेणाऱ्याने शब्द फिरविला तर त्याची पत जाई. पेढीवरच्या हुंडीतही दोन प्रकार होते. दर्शनी हुंडी दाखविताच पटवावी लागे, तर मुदती हुंडी ठरलेल्या दिवशी. आपल्या 1881 च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने तर मुदतीच्या वचनचिठ्ठीला ठरल्या तारखेनंतर तीन दिवसांची सवलत दिलेली आहे. बँकेच्या कार्डाला मात्र अशी सवलत नाही. त्याची मुदत संपली की ते त्याच रात्री निरुपयोगी होते.

ही मुदत नेमकी कोणती, याविषयीच पुष्कळ घोटाळा आढळतो. कार्डावर महिना आणि वर्ष असे दोन आकडे असतात. त्यांचा अर्थ, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत कार्ड चालेल, असा आहे. पहिल्या तारखेलाच ते बंद पडते अशी काहींची समजूत असते, ती बरोबर नाही. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. मुदत संपते ती कार्डाची, खात्याची नव्हे. खाते हे घर आहे आणि कार्ड ही त्याची किल्ली. किल्ली बदलली म्हणून घरातील ठेव नाहीशी होत नाही. नवे कार्ड येते तेव्हा काही बँका क्रमांक तोच ठेवतात, काही बदलतात. परंतु मुदतीची तारीख बदलते, आणि तिच्याबरोबर सीव्हीव्ही म्हणून ओळखला जाणारा तीन अंकी गुप्त आकडाही बदलतो, कारण तो काढताना मुदतीची तारीखही हिशेबात धरलेली असते.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. आगाऊ आरक्षणाचे तीन प्रकार आहेत, आणि तिन्हींचे उत्तर निरनिराळे आहे.

पहिल्या प्रकारात सर्व रक्कम आजच भरली जाते. येथे कार्ड पैसे भरण्याच्या दिवशी जिवंत असले म्हणजे पुरे. मेळावा डिसेंबरात असो आणि कार्ड सप्टेंबरात संपो, यजमानाला त्याचे पैसे मिळालेले असतात. दुसऱ्या प्रकारात थोडी रक्कम आज आणि उरलेली मुक्कामी द्यावयाची असते. येथे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत हे ओळखावे, आणि दुसऱ्या व्यवहारासाठी नवे कार्ड, यूपीआय किंवा रोकड बरोबर ठेवावी. डोंगराआडच्या खोऱ्यात मोबाइलचा संपर्क सर्वत्र सारखा मिळेलच असे नाही. संपर्क मिळाला नाही तर कार्डाचे यंत्रही अडू शकते आणि यूपीआयही. म्हणून थोडी रोकड जवळ असलेली बरी.

तिसरा प्रकार जपण्याचा आहे. यात आज काहीच कापले जात नाही. कार्डाचा तपशील केवळ हमी म्हणून घेतला जातो, आणि पाहुणा आला नाही तर किंवा मुक्कामाच्या वेळी रक्कम वसूल केली जाते. परदेशांतील हॉटेलांत ही पद्धत सर्रास आहे. आपली मुलेबाळे परदेशी असतात, त्यांच्याकडे जाताना वाटेत मुक्काम ठरवावा लागतो, तेव्हा ती अनुभवास येते. अशा आरक्षणासाठी कार्डाची मुदत निदान मुक्काम संपण्याच्या दिवसापलीकडे गेली पाहिजे. मुदत संपत आलेले कार्ड तेथे देणे म्हणजे पटणार नाही अशी हुंडी लिहून देणे होय. हॉटेलवाला ते नाकारील, किंवा आयत्या वेळी वसुली होत नाही असे पाहून जागा दुसऱ्याला देईल. आपल्या देशात 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानदाराने किंवा संकेतस्थळाने कार्डाचा क्रमांक स्वतःजवळ साठवून ठेवण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. त्याऐवजी टोकन नावाची सांकेतिक खूण ठेवली जाते. कार्ड नवे झाले की ती खूण नव्या कार्डाला जोडण्यासाठी ग्राहकाची पुन्हा स्पष्ट संमती लागते. तेव्हा जुन्या खुणेवर विसंबून स्वस्थ बसू नये.

नव्या कार्डाविषयीही एक सूचना येथेच देतो. नवे कार्ड घरी आले म्हणजे सर्व काम झाले असे नाही. रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार नवे कार्ड आरंभी फक्त देशातील एटीएमवर आणि दुकानातील यंत्रावर चालते. घरबसल्या आरक्षणासाठी किंवा परदेशी वापरासाठी ते आपण स्वतः बँकेमार्फत सुरू करून घ्यावे लागते. अनेक वृद्ध सभासद गावचे घर सोडून मुलाकडे राहावयास गेलेले असतात, आणि नवे कार्ड मात्र बँकेच्या दप्तरातील जुन्या पत्त्यावर जाते. म्हणून मुदत संपण्यापूर्वी दोन-तीन महिने आधीच पत्ता आणि मोबाइल क्रमांक तपासून घ्यावा.

आता आम्ही विषयाच्या गाभ्याकडे येतो. पैसे देताना कार्ड चालले म्हणजे चिंता संपली, असे पुष्कळांना वाटते. परंतु खरी परीक्षा पैसे परत येताना होते. मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा असंख्य आरक्षणे रद्द झाली, आणि परताव्यासाठी लोकांना दीर्घकाळ थांबावे लागले. जून 2024 मध्ये लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील माणसे वाहून गेली, त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने ठिकठिकाणच्या पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. धरणाकाठच्या आणि घाटमाथ्याच्या सहलींवर असा प्रसंग पावसाळ्यात केव्हाही येऊ शकतो. अशा वेळी परतावा, पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने, म्हणजे त्याच कार्डाकडे परत येतो.

दरम्यान कार्डाची मुदत संपली असेल तर काय? खाते चालू असेल तर बहुधा काही बिघडत नाही. बँक जुन्या क्रमांकावरून खाते ओळखते आणि रक्कम जमा करते. परंतु कार्डाबरोबर खातेही बंद केले असेल, तर रक्कम मध्येच अडकते. मग यजमान म्हणतो, आम्ही पाठविली. बँक म्हणते, आम्हांस दिसत नाही. अशा वेळी हॉटेलकडून किंवा संकेतस्थळाकडून त्या परताव्याचा एआरएन हा संदर्भक्रमांक मागून घ्यावा आणि बँकेस लेखी कळवावा. त्यावरून रकमेचा माग काढता येतो. आरक्षण करतानाच खात्यातून पैसे गेले पण हॉटेलकडे पोचले नाहीत, असा प्रकार घडल्यास रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या आदेशाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यावयास हवी, आणि त्यापुढील विलंबासाठी बँकेने दररोज 100 रुपये भरपाई द्यावयाची आहे. हा हक्क आहे, आणि तो मागण्यात संकोच मानू नये.

स्वतःच्या कुटुंबाची सहल असेल तर हा मनस्ताप एका घरापुरता राहतो. शाखेच्या सहलीचे तसे नाही. चाळीस कुटुंबांनी वर्गणी दिलेली असते. बहुधा खजिनदार सर्वांच्या वतीने आपल्या खासगी कार्डाने एकरकमी विसार भरतो. सहल रद्द झाली, परतावा त्याच्या मुदत संपलेल्या कार्डाकडे निघाला, आणि महिनाभर कोठेच दिसला नाही, तर सभेत कुजबुज सुरू होते. पैसे कोणी खाल्लेले नसतात; परंतु ते कोठे आहेत हे दाखविता येत नाही, आणि सार्वजनिक हिशेबात दाखविता न येणे हे खाल्ल्यासारखेच मोजले जाते. पुष्कळ वर्षे निरपेक्ष सेवा केलेला माणूस अशा एका प्रसंगाने खिन्न होऊन कार्यापासून दूर होतो. पैसा उशिराने का होईना, परत मिळतो. असा कार्यकर्ता पुन्हा मिळणे कठीण.

म्हणून शाखांच्या चालकांना आमचे सांगणे असे आहे. शक्य तेथवर विसार मंडळाच्या खात्यातूनच द्यावा. मात्र खात्यातून थेट रक्कम पाठविण्यापूर्वी यजमानाशी दूरध्वनीवर बोलून आणि ओळखीच्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. हॉटेलांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उभारणारे ठक आज पुष्कळ आहेत. कार्डाचा एक गुण असा की, जागा मिळालीच नाही तर बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत नोंदविता येते. थेट पाठविलेल्या रकमेबाबत ती वाट इतकी सोपी नाही. खजिनदाराचे खासगी कार्ड वापरावे लागलेच, तर ज्याची मुदत सहलीनंतरही सहा महिने शिल्लक आहे असे कार्ड निवडावे. वहीत तारीख, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, कार्डाचे शेवटचे चार अंक आणि मुदतीचा महिना लिहून ठेवावा, आणि त्यावर दुसऱ्या पदाधिकाऱ्याची सही घ्यावी. संपूर्ण क्रमांक किंवा सीव्हीव्ही वहीत लिहू नये. कार्डाचे छायाचित्र तर कोणत्याही समूहावर कदापि पाठवू नये. आरक्षण रद्द झाले असेल तर परतावा जमा होईपर्यंत ते खाते बंद करू नये, आणि त्यानंतरच जुने कार्ड चिपेसह कापून नष्ट करावे.

वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक इशारा. आपल्या कार्डाची मुदत संपत आहे, ताबडतोब ओटीपी सांगा, नाहीतर कार्ड बंद पडेल, असे दूरध्वनी ठकांकडून येतात. मुदत खरोखरच संपत आलेली असली म्हणजे माणूस घाबरून फसतो. बँक ओटीपी कधीही विचारत नाही. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच 1930 या सरकारी क्रमांकावर आणि आपल्या बँकेस कळवावे. अशा बाबतीत एकेक तास मोलाचा असतो.

बंधुभगिनींनो, यजमानाच्या बाजूनेही एक शब्द बोललाच पाहिजे. आपले कार्ड नाकारले गेले आहे किंवा बेत मोडला आहे हे कळताच त्याला त्याच दिवशी कळवावे. पानशेतच्या खोऱ्यातील ज्याने आपल्यासाठी चार खोल्या अडवून ठेवल्या, किराणा भरला, स्वयंपाकाला बायका सांगून ठेवल्या, त्याला शनिवारी दुपारपर्यंत वाट पाहावयास लावणे शोभणारे नव्हे. कार्डाची मुदत बँक ठरविते, परंतु दिलेल्या शब्दाची मुदत आपणच ठरवीत असतो. आपल्या शाखांनी विसार दिला म्हणजे काम पक्के, असा लौकिक खोऱ्याखोऱ्यांत व्हावा, आणि आपल्या खजिनदारांना वर्षअखेरीस ताठ मानेने हिशेब मांडता यावा, एवढीच आमची इच्छा आहे.