जुना खेळ, नवा अंगरखा

आजचा विषय ऐकून वडीलधारी मंडळी कदाचित म्हणतील, की हा पोरासोरांचा विषय, त्याच्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो पैशाचा, वेळेचा नि समजुतीचा आहे. पडद्यावर खेळायच्या ऐतिहासिक लढायांच्या खेळाचा, म्हणजे व्हिडिओ गेमचा, नवा भाग बाजारात येतो. शहरात शिकणारा मुलगा सुट्टीत घरी येतो आणि त्यासाठी काही हजार रुपये मागतो. शाळेत मधल्या सुट्टीत पोरे त्याच्याच गप्पा मारतात. अशा वेळी ‘नवा आहे ना, मग घे’ हे उत्तर जितके आळशी, तितकेच ‘सगळे सारखेच, नको’ हेही. खरा प्रश्न असा, की हा पुढचा भाग खरोखर नवा आहे, की जुन्याच खेळाला नवा अंगरखा चढवला आहे?

कीर्तनाचे उदाहरण घेऊ. हरिश्चंद्राचे आख्यान गावाने दहा वेळा ऐकलेले असते. एखादे बुवा नवी शाल, नवा पेटीवाला घेऊन येतात, पण घटकाभरात माणसे पेंगू लागतात. दुसरे बुवा जुन्याच उपरण्यावर उभे राहून तेच आख्यान लावतात, आणि तारामतीच्या दुःखात ऐकणाऱ्या बायांना आपले दुःख दिसते. म्हणजे ताजेपणा आख्यानात नाही, शालीत तर नाहीच नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय हलले, यात तो आहे. खेळात तर ऐकणारा नुसता बसलेला नसतो, त्याचे हातही कामात असतात. म्हणून तिथे पहिला प्रश्न हा, की हाताला नवे काय मिळाले?

आता एक खराखुरा दाखला पाहू. यूबिसॉफ्ट नावाच्या फ्रेंच कंपनीने २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ नावाचा खेळ काढला. काळ ११९१ सालचा, तिसऱ्या धर्मयुद्धाचा. दमास्कस, आक्रा आणि जेरुसलेम या नगरांतून अल्तायर नावाचा मारेकरी भिंती चढत, छपरांवरून धावत हिंडतो. शहरे पाहून लोक थक्क झाले. पण त्यात एक उणीव होती. नायकाला नऊ जणांना गाठायचे असते, आणि दर वेळी तयारी जवळजवळ तीच : कुणाचे बोलणे चोरून ऐका, कुणाचा खिसा कापा, कुणाला दरडावून माहिती काढा. तिसऱ्या माणसापर्यंत मजा, पुढे नुसती हजेरी.

दुसरा भाग २००९ साली आला. हा पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इटलीचा, फ्लॉरेन्स आणि व्हेनिसचा. गाव बदलले, पोशाख बदलला. तेवढेच बदलले असते, तर मी त्याचे नावही काढले नसते. पण पाहा, अल्तायर पाण्यात पडला की मरायचा. नवा नायक एझिओ पोहतो, आणि व्हेनिससारख्या कालव्यांच्या शहरात त्याने केवढा फरक पडतो! पाणी आता नुसते चित्र राहिले नाही, ती पळायची वाट झाली. शिवाय हातात पैसा आला. दुकाने, वैद्य, लोहार आले, आणि मोंतेरिज्जोनी हे पडके गाव डागडुजी करून उभे करायचे कामही आले. लिओनार्दो दा विंची हा मित्र म्हणून भेटतो आणि शस्त्रे घडवून देतो. आणि नायकाचे मन पाहा. अल्तायर तयार मारेकरी होता. एझिओ हा सावकारी पेढीवाल्याचा खोडकर मुलगा. बाप आणि दोन भाऊ फासावर गेलेले पाहून तो मोठा होतो, आणि आपण त्याच्याबरोबर मोठे होतो. यालाच मी ताजेपणा म्हणतो. पहिल्याची उणीव ओळखून ती भरून काढली होती.

पुढे काय झाले, हे शेतकरी बंधूंना जास्त चांगले कळेल. कंपनीने दर वर्षी पीक घ्यायला सुरुवात केली. २०१० साली रोम, २०११ साली कॉन्स्टँटिनोपल, मग अमेरिका, मग समुद्री चाचे, २०१४ साली फ्रेंच राज्यक्रांतीचे पॅरिस. आपल्याकडे बेवड पाहून पीक घेतात. एकच पीक त्याच रानात सालोसाल घेतले, की दाणा बारीक होतो. तसेच झाले. पॅरिसचा खेळ निघाला तेव्हा इतका अपुरा होता, की काही पात्रांच्या चेहऱ्यांवरची कातडीच नाहीशी होई, नुसते डोळे नि दात दिसत. कंपनीला माफी मागावी लागली. मग २०१६ साली त्यांनी मुख्य खेळ काढलाच नाही, रान पड ठेवले. २०१७ साली क्लिओपात्रेच्या काळातल्या इजिप्तचा खेळ आला, त्यात लढण्याची रीतच निराळी होती. आधी शत्रूचा वार थोपवून परतवला की बहुधा भागायचे, आता अंतर, ढाल आणि शस्त्र यांचा विचार करणे भाग पडले. नायकही पोटचा मुलगा गमावलेला बाप होता.

पण नवे म्हणजे मोठे, असे मात्र समजू नका. त्यानंतरचे ग्रीसचे आणि वायकिंगांचे खेळ इतके अफाट निघाले, की तीच ती कामे पंचक्रोशीभर पसरल्यासारखी अनेकांना वाटली. २०२३ सालचा बगदादचा खेळ मुद्दाम आटोपशीर ठेवला होता. २०२५ सालच्या जपानच्या खेळात ऋतू बदलतात. उन्हाळ्यात ज्या तळ्यात लपता येते, ते हिवाळ्यात गोठते. इतका साधा बदल, पण तीच वाट दुसऱ्यांदा चालताना डोके पुन्हा चालवावे लागते.

शिक्षक मित्रहो, आता तुमच्यासाठी थोडे. या खेळांचा इतिहास आणि पुस्तकातला इतिहास यांत गल्लत होऊ देऊ नका. युगानुयुगे चाललेले गुप्त मंडळांचे वैर ही कल्पना आहे. १४७८ सालचा मेदिची घराण्याविरुद्धचा कट मात्र खरा, आणि त्यात जुलिआनो मेदिची मारला गेला हेही खरे. पॅरिसच्या खेळात नोत्र-दामचा उंच निमुळता कळस दिसतो, पण मूळचा कळस राज्यक्रांतीच्या सुमारास उतरवलेला होता आणि नंतरचा एकोणिसाव्या शतकात उभारला. ‘यात काय खरे, काय रचलेले?’ असे विचारले, तर मुले पुस्तक उघडतील. २०१८ साली इजिप्तच्या खेळाला एक निराळा भाग जोडला, त्यात लढाई मुळीच नाही, फक्त माहिती ऐकत फिरायचे. वर्गाला तो चालेल. मूळ खेळ मात्र रक्तपाताचे आहेत. अमेरिकेत त्यांना सतरा वर्षांवरील मुलांसाठी म्हणून शिक्का आहे, तो पाहूनच काय ते ठरवा. आपल्याकडचाही विषय त्यांनी एकदा घेतला होता. २०१६ सालच्या एका छोट्या खेळात १८४१ सालचे अमृतसर आणि कंपनी सरकार आहे.

तर श्रोतेहो, मुलगा पैसे मागायला आला, की रागावू नका. त्याला समोर बसवा आणि चार गोष्टी विचारा. एक, पोशाख आणि गावांची नावे काढून टाकली, तर मागच्या खेळाहून यात निराळे काय उरते? दोन, हे नवे गाव तुला नवे काही करायला लावते, की नुसतेच मागे पडद्यासारखे टांगले आहे? तीन, मागच्या भागात तुला कशाचा कंटाळा आला होता, आणि तो यांनी घालवला का? चार, या नायकाचे पुढे काय होते, याची तुला काळजी वाटते का?

विकत घेण्याआधी ही उत्तरे त्याला ज्यांनी खेळ खेळला आहे त्यांच्याकडून, आणि थोडा खेळून पाहायला मिळाला तर त्यातून, मिळवू द्या. घाई नको. अपुरा खेळ महिनाभराने दुरुस्त होतो, कित्येकदा स्वस्तही होतो. चारही प्रश्नांना त्याने नीट उत्तरे दिली, तर पैसे द्यायला हरकत नाही. उत्तरे नाही आली, तर तो स्वतःच म्हणेल, ‘राहू द्या बाबा, जुनाच पुन्हा खेळतो.’ आणि पारखायची ही सवय एकदा लागली, की बियाण्याची पिशवी घेताना आणि निवडणुकीतले भाषण ऐकतानाही तो तेच विचारील : वेष्टन नवे, पण आत काय आहे?