मैदान हीही पाठशाळाच!
इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात, स्ट्रीट या गावी, जॅक मेयर यांनी १९३५ साली मिलफील्ड शाळा स्थापन केली. भारतात कापसाच्या व्यापारात असलेल्या या क्रिकेटपटूचे पहिले विद्यार्थी होते भारतातून नेलेली सात मुले! सधनांकडून भरघोस शुल्क घ्यावे आणि गरीब गुणवंतांना सवलत द्यावी, ही त्यांची रीत. खेळाच्या शिष्यवृत्तीवर तेथे शिकलेल्या मेरी रँडने १९६४ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये लांब उडीचे सुवर्णपदक जिंकले. आपल्याकडे मात्र दहावी आली की मुलाचे मैदान सुटते. अंधानुकरण नको; पण गुणवंताचा भार समाजाने उचलावा, हा संस्कार तर आपलाच आहे. संघस्थानावर घाम गाळलेल्यांनी आपल्या वस्तीतील एक तरी गरीब खेळाडू दत्तक घ्यावा, एवढीच विनंती.