यंत्रमानवाला शिकविणारे हात

(औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षणार्थींसमोर दिलेले भाषण)



जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री अशा व्यवसायांचे शिक्षण आपण येथे घेत आहात. उद्या कारखान्यात यंत्रमानव आला तर आपल्या हातांना काम उरेल काय, हा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी कलाशाखेचा पदवीधर; यंत्रशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु या प्रश्नाची झळ मी घरात अनुभवली आहे.

माझे वडील एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे उलटे खिळे वाचून ओळीमागून ओळ जुळविण्यात त्यांची उमेद गेली. १९९० नंतर तेथे संगणक आला. दोघा तरुण जुळाऱ्यांना तो शिकविण्यात आला, ते टिकले. वडिलांना कोणी विचारलेच नाही. ऱ्हस्वदीर्घाची चूक क्षणात टिपणारा तो माणूस पन्नाशीच्या आत घरी बसला. त्यांची नोकरी संगणकाने घेतली, असे आम्ही म्हणत आलो. आज वाटते, ती न शिकविल्यामुळे गेली.

‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० मधील नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’ या चेक शब्दाचा अर्थ वेठ असा आहे. १९६१ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा यंत्रमानव कामाला लागला, तेव्हा साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलण्याचे काम त्याला देण्यात आले. अशी वेठ माणसाच्या हातून सुटली, याचे दुःख कोणी करू नये.

संधानकाम करणाऱ्या यंत्रबाहूला कोन किती, वेग किती, विद्युतप्रवाह किती, हे आधी ठरवून द्यावे लागते. वरून सुबक दिसणारा सांधा आतून कच्चा का राहिला, हे स्वतः सांधे घातलेल्या कारागिराला लवकर उमगते. म्हणून चांगला संधाताच यंत्रमानवाचा चांगला शिक्षक होऊ शकतो. मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. यंत्राने चौघांचे काम केले आणि त्याला शिकविण्यास एकच पुरला, तर उरलेल्या तिघांचे काय?

तंत्रबदलामुळे कामगारकपात संभवत असल्यास २१ दिवसांची पूर्वसूचना द्यावी, अशी तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियमात करण्यात आली. तिचे मोल मोठे आहे. परंतु २१ दिवसांत सूचना वाचून होते, नवे कसब हाती येत नाही. युनिमेट कामाला लागला त्याच १९६१ साली आपल्या देशात शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. नवशिक्यांना शिकविणे हे कारखान्याचे कर्तव्य ठरले. हेच कर्तव्य जुन्या कामगारांबाबतही मानले गेले पाहिजे.

मित्रहो, आपला व्यवसाय मुळापासून शिका. त्याच्या जोडीला यंत्रनियंत्रणाचेही ज्ञान मिळवा. उद्या आपल्यापैकी काही जण पर्यवेक्षक होतील. नव्या यंत्राची मागणी नोंदवाल, त्याच दिवशी ते कोणाला शिकवायचे याची यादी करा. आणि त्या यादीत पहिले नाव पन्नाशीला आलेल्या कामगाराचे लिहा.

जय हिंद! जय महाराष्ट्र!